हट्टी नदीवर आला

एकतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासून गृहस्थ निवृत्त झाले आणि साठीनंतर त्यांना नवंच खूळ लागलं. प्राण्यांच्या जुन्या गोष्टींच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या. लबाड कोल्हा, भांडखोर माकडं, चष्मा लावणारं कासव, एकेक करत सगळे कपाटात येऊन बसले आणि गृहस्थांचे सदरे खुर्चीच्या पाठीवर गेले. राहिला होता तो फक्त हत्ती.

त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती ओळखायची खूण एकच. पान एक्केचाळीसवर ‘हत्ती नदीवर आला’च्या जागी ‘हट्टी नदीवर आला’ असं छापलं गेलं होतं.

“जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात,” बायको म्हणाली, “आणि आता एक चूक सापडावी म्हणून वणवण हिंडताय?”

तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पण पटलं म्हणून माणूस थांबतो थोडाच!

चार वर्षांनी एका निवृत्त शिक्षिकेकडे पुस्तकाचा पत्ता लागला. दोन बस बदलून ते तिथे पोहोचले. बाईंनी पुस्तक हातात दिलं. शिवण घट्ट, मुखपृष्ठ शाबूत. त्यांनी थेट पान एक्केचाळीस उघडलं.

‘ट्टी’वर लाल शाईची ठसठशीत काट होती. वर वळणदार अक्षरात ‘त्ती’. आणि समासात शेरा: ‘निष्काळजीपणा!’

“हे... हे कुणी केलं?”

“मीच. तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. चूक दिसली की हात शिवशिवतात हो माझे.” बाईंचा चेहरा उतरला. “पुस्तक खराब झालं का?”

गृहस्थांच्या ओठांवर चार कडक शब्द आले होते. पण कुठल्या तोंडाने बोलणार? लग्न ठरल्यावर बायकोने पाठवलेलं पहिलं पत्र त्यांनी तीन वेलांट्या सुधारून परत धाडलं होतं.

“छे, बरोबरच केलंत,” ते म्हणाले, आणि पुढची पानं चाळू लागले. अठ्ठावन्नाव्या पानावर त्यांचं बोट थबकलं. ‘माकडिण’.

“अगं बाई!” बाईंनी चष्मा सावरला. “ही सुटलीच की माझ्या नजरेतून!” त्यांनी टेबलावरचं लाल पेन पुढे केलं. “घ्या, तुम्हीच करा.”

आतला संग्राहक बोंबलत राहिला. गृहस्थांनी वेलांटी दीर्घ केली. बाई इतक्या खूश झाल्या, की पुस्तक तसंच देऊन टाकलं.

“मिळाली का पहिली आवृत्ती?” घरी आल्यावर बायकोने विचारलं.

“मिळाली. पहिली, सुधारित.”

ती पोट धरून हसली. मग पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसली ती उठेचना. मधेच तिने पदराने डोळे टिपले, तेव्हा गृहस्थांच्या लक्षात आलं, की चार वर्षं आपण या पुस्तकामागे धावलो, पण गोष्ट काही वाचलेली नाही.

“अगं, काय झालं त्या हत्तीचं?”

“गप्प बसा हो जरा,” ती म्हणाली. “वाचू द्या.”