चहाच्या डब्याचं क्रियापद

यॉर्कशायरमधल्या त्या गावात सभागृहातला चहाचा डबा रिकामा झाला की सभागृहाची किल्ली आणि इतिवृत्ताची वही सांभाळणारी डोरीन आउथवेट घरून पुडा आणायची. चार वर्षं आणला. मग वैतागून तिनं कपाटावर चिठ्ठी डकवली: 'चहा संपल्यास कृपया रिप्लेनिश करा.' नुसतं 'भरा' म्हटलं तर कुणी ढुंकून बघणार नाही, भारदस्त शब्दाला तरी लोक बिचकतील, असं तिला वाटलं.

बिचकलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर लाल शाईच्या रेघोट्या होत्या, आणि शेजारी इंग्रजीचे निवृत्त शिक्षक क्लेमंट पार्जेटर उभे होते.

"डोरीन, रिप्लेनिश डबा करायचा असतो, चहा नव्हे."

"बरं, डबा करा. पण करा तरी!"

"शिवाय 'संपल्यास' चुकलं. कमी पडलं की पुन्हा पहिल्यासारखं भरायचं, असा अर्थ. तळ दिसेपर्यंत थांबायचं नसतं."

"मग कमी पडलं तेव्हा तुम्ही का नाही आणलंत?"

पार्जेटरांना ते ऐकूच गेलं नाही. जन्मभर प्रश्न विचारत आलेला माणूस, उत्तरं द्यायची सवय कुठली!

प्रकरण सभागृहाच्या समितीपुढे गेलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस टिंडल म्हणाल्या, "बायबलात देवानं पहिल्या माणसाला पृथ्वी रिप्लेनिश करायला सांगितलं. तेव्हा ती आधी कुठं भरलेली होती? म्हणजे रिकामा डबासुद्धा चालतो."

"तो जुना अर्थ!" पार्जेटर कडाडले.

दोन बैठका यातच गेल्या. घसा सुकला की सगळे डोरीनचाच चहा ढोसत होते.

तिसऱ्या बैठकीला तिनं प्रत्येकापुढं कप ठेवला. पार्जेटरांनी घोट घेतला.

"अहो, हे नुसतं गरम पाणी आहे!"

"हो. तुमचा अर्थ ठरला की पत्ती घालते."

मिस टिंडलना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पार्जेटर पुडा घेऊन आले. फोडलेला, अर्धा वापरलेला. "इतिवृत्तात नोंद घ्या," म्हणाले. डोरीननं लिहिलं, 'श्री. पार्जेटर यांनी अर्धा पुडा चहा आणला.' त्यांनी 'अर्धा' खोडायला लावलं.

तिनं खोडलं. सभागृहाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली, आणि आता ती बैठकीला थर्मास घेऊन येते. एकटीपुरता.