दहा फुटांना चार बोटं कमी

मी एक जुनी रिंग आहे, लातूरजवळच्या मुरुडच्या बास्केटबॉल मैदानावरची. मित्रांनो, इथे टाळ्या वाजल्या की मला आधी संशय यायचा. या टाळ्या खेळाडूच्या, की माझ्या खोटेपणाच्या?

रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी. गुरुबसप्पा वेल्डरने मला घडवलं आणि खांबावर चढवलं, तेव्हा त्याच्या टेपची सुरुवातीची चार बोटं तुटून गेलेली होती. त्याने दहाचा आकडा पाहिला आणि बोल्ट आवळले. मी चार बोटं खालीच राहिले. तेव्हापासून मुरुडची पोरं लई उंच उडतात, असा पंचक्रोशीत बोलबाला झाला.

त्यांतलाच राजशेखर पुढे एका व्यावसायिक संघात गेला. पेपरात त्याचे फोटो आले, गावाने मिरवले. मला मात्र त्याचा भरवसा वाटेना. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो घरी परतला. त्याला ठेवायचं की सोडायचं, हे संघाला ठरवायचं होतं. त्यासाठी संघाच्या वतीने नांदेडहून लुंबिनीताई त्याची उडी बघायला येणार होत्या. लातूरला चांगलं नवं मैदान असताना याने त्यांना इथेच का बोलावलं? माझं गुपित त्याला ठाऊक असणार. लबाड आहे हा, असं मी पक्कं ठरवलं.

ताई आल्या. स्वतः जुन्या खेळाडू, बोलणं मोजकं. राजशेखर धावत आला, उडाला आणि दोन्ही हातांनी चेंडू माझ्यात कोंबला. जमलेली माणसं ओरडली. ताईंनी वही उघडली.

“लिहू नका मॅडम,” राजशेखर म्हणाला. “रिंग खाली हाय.”

“कशावरून?”

“हिच्यावरच शिकलो न मी. संघातल्या पहिल्याच सामन्यात चेंडू रिंगच्या कडेला आदळला. लोक लई हसले. तवापासून कुठंबी गेलो तर आधी रिंग मापतो.”

“मग मला इथं का बोलावलंस?”

“लबाडीच करायची होती, मॅडम. पण आत्ता उडी मारली अन् मलाच कळंना, गुडघा बरा झालाय का रिंग खाली हाय. मला तर कळाया पाहिजे न.”

गुरुबसप्पाला बोलावलं. म्हातारा नवी टेप घेऊन आला, त्याने मापलं आणि कपाळाला हात लावला. “माझ्याच हातानं झालं की हे!” नवी भोकं पाडून त्याने मला वर सरकवलं.

राजशेखर पुन्हा उडाला. चेंडू माझ्या कडेला लागून परत गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो उडालाच नाही. खाली बसून त्याने गुडघा चाचपला.

“अजून दोन महिने लागतील,” तो म्हणाला.

“दोन महिन्यांनी येते. तोवर सोडू नका, असं लिहिते,” ताई म्हणाल्या. “बाकीच्यांचे गुडघे मलाच मापावे लागतात, तू तुझा स्वतः मापलास.”

मला फार लाज वाटली. इतकी वर्षं मी या पोरांना फसवलं आणि लबाड मात्र त्याला म्हटलं.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल, जाळी फाटली तरी मी ओरडणार नाही. पण कुणाला मोठा खेळाडू म्हणण्याआधी एकदा मला मापा. आणि मापण्याआधी टेपचं टोक बघा.