शेवटची हजेरी

जुन्या गोष्टींचं मला कौतुक नाही. पोटासाठी मी प्रोग्राम लिहिते, आणि आमच्या धंद्यात दोन वर्षांपूर्वीची गोष्टही भंगारात जाते. तरी तीन रविवार घालवून मी इंटरनेटच्या बाल्यावस्थेतली बोली बोलणारा एक प्रोग्राम लिहिला, कारण दादाचा माग तेवढाच उरला होता.

दादा सहा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून गेला. फोन बंद, पत्र नाही. बाबांनी त्याचं नाव टाकलं आणि त्याच्या खोलीत दुरुस्तीला आलेली शिलाई मशिनं रचली. पण हौशी मंडळींनी चालवलेल्या एका जुन्या सर्व्हरवर दादाचं खातं होतं. त्या सर्व्हरला एखाद्याचं नुसतं नाव द्यायचं. तो माणूस शेवटचा कधी आत आला होता आणि त्याने काय लिहून ठेवलंय, एवढं तो सांगतो. हल्लीच्या ब्राउझरांना ही बोली येत नाही, म्हणून हा खटाटोप.

पहिले दोन रविवार सर्व्हर ढिम्म. त्याला ओळ संपल्याच्या दोन खुणा लागत होत्या आणि मी एकच पाठवत होते. दुसरी जोडली तेव्हा कुठे स्वारी बोलली: शेवटचा प्रवेश तीन वर्षांपूर्वीचा, चार ऑगस्ट. खाली दादाची एक ओळ होती. ‘बरा आहे. शोधू नका.’

आईसाठी मी एक मोठं बटण करून दिलं. ती रोज सकाळी चष्मा पुसून ते दाबायची. तारीख तीच यायची, तरी ती शेवटपर्यंत वाचायची. मला तिची दया यायची आणि दादाचा संताप.

मग एका संध्याकाळी मी माती खाल्ली. दादाचा पासवर्ड मला माहीत होता. लहानपणापासून सगळीकडे एकच, आमच्या कुत्र्याचं नाव. एखादा पत्ता, एखादं पत्र मिळेल म्हणून मी त्याच्या खात्यात शिरले. काहीच नव्हतं. आत गेलं की हजेरी लागते हे या धंद्यात केस पांढरे केलेल्या शहाणीला सुचलंच नाही.

सकाळी आईने हाक मारली ती बाबांना. "अहो, काल आला होता तो. काल संध्याकाळी."

मी अंघोळ करून येईपर्यंत बाबांनी निम्मी मशिनं खोलीबाहेर काढली होती, कंबर धरलेली असताना.

आईला स्वयंपाकघरात गाठून मी सगळं सांगितलं. ती ओट्याला धरून उभी राहिली. म्हणजे जुनीच तारीख खरी का, असं तिने विचारलं. मी हो म्हणाले. बाहेर बाबा पलंग सरकवत होते.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "आणि तू जात जा आत. अधूनमधून."

तेव्हापासून दर सोमवारी कामावरून आले की मी दादा होते. बटण आता बाबा दाबतात. परवा आईने विचारलं, ती खालची ओळ बदलता येते का. येते, मी म्हणाले.

"मग लिही, जेवतो वेळेवर."

त्याचे स्वतःचे असे तेवढेच चार शब्द उरले होते. ते मी पुसले आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.

सकाळी बाबांनी ओळ मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. आईचा चेहरा उजळला.

"बघा, सुधारलाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "हो ना गं?"

ती खरंच विचारत होती. मी हो म्हणाले.