जुलैपासूनचा उशीर

टॅबलेट मंद झालाय हे पहिल्यांदा ऋतुराज म्हणाला, आणि प्रसेनजीतनं ते लगेच मान्य केलं. मान्य करायला काही अडचण नव्हती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टॅबलेटवर नवं सॉफ्टवेअर येऊन बसलं होतं आणि तेव्हापासून खेळात तो दारातून आत शिरला की मरत होता. त्याच आठवड्यात पप्पा गेले होते, पण त्याचा टॅबलेटशी काही संबंध नव्हता.

खेळ चौघांनी मिळून खेळायचा. पडक्या इमारतींच्या एका गावात दुसरे चौघे दबा धरून बसलेले असतात, त्यांना हुडकून टिपायचं. प्रत्येकाचं काम ठरलेलं. प्रसेनजीतचं काम सगळ्यात आधी आत शिरायचं. दार ढकलायचं, समोर जो असेल त्याच्या आधी गोळी झाडायची, मग मागून बाकीचे तिघे येणार. या कामाला डोकं कमी आणि वेग जास्त लागतो. दीड वर्षात ते दुसऱ्या कुणाला द्यावं असं फाटा स्क्वॉडमध्ये कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चौघांच्या नोकऱ्या सांगली फाट्याच्या आसपास, म्हणून संघाचं नाव तसं.

"प्रश्या, टॅब बदल की लेका," सोमवारी संध्याकाळी सराव चालू असताना ऋतुराज हेडफोनमधून ओरडला. तो संघाचा कप्तान. "समोरचा चहा पिऊन गोळी झाडतोय, तरी तू आपला हुबाच."

"ह्याची गोळी मागच्या एसटीनं येती," आर्यन म्हणाला.

"राजारामपुरीत ऑफर हाय. जुना द्या, नवा घ्या. रविवारपर्यंतच हाय. पंधरा दिवसांवर स्पर्धा आली. असंच ऱ्हायलं तर..." ऋतुराज थांबला.

वाक्य तेजस्वीनं पुरं केलं. चौघांत ती एकटी मुलगी, आणि आडपडदा ठेवायची तिला सवय नव्हती. "तर माझा मावसभाऊ यशराज हाय. त्याला घ्यावं लागंल. खरं तेच सांगतोय, राग मानू नगंस."

प्रसेनजीतला राग आला नाही. संघातून बाहेर पडलो तर काय होईल, याचा त्यानं विचार करून पाहिला. संध्याकाळचे हे दोन तास सोडले तर दिवसातली कुठलीच वेळ त्याला दुसऱ्या वेळेपासून वेगळी वाटत नव्हती. हे दोन तास गेले की सगळा दिवस सलग होईल. ते त्याला नको होतं. एवढं मात्र त्याला स्पष्ट कळत होतं.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर तो दुकानात गेला.

"या पावणं," काउंटरवरच्या माणसानं नवा टॅबलेट त्याच्या हातात ठेवला. मागं दोन बारके पंखे, एका सेकंदात पडदा एकशेपासष्ट वेळा नवा होणार. जुन्याचा एकशेवीस वेळा व्हायचा. प्रसेनजीतनं मनातल्या मनात भागाकार केला. एका चित्रामागं सव्वादोन मिलिसेकंदांचा फरक. डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत शंभरावर मिलिसेकंद जातात. पण सॉफ्टवेअरनं जुना किती मंद केलाय ते धरलं तर फरक मोठा असू शकतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

जुना टॅबलेट घेतला तेव्हा खोकं उघडून त्यानं आत नाक घातलं होतं, आणि श्रुती, त्याची धाकटी बहीण, पोट धरून हसली होती. आता त्यानं नवाही नाकाशी नेऊन पाहिला. प्लास्टिकचा वास होता.

"एक वरखडा न्हाय की ह्याच्यावर!" माणूस जुना उलटसुलट करत म्हणाला. "चांगली किंमत धरू. फकस्त आतलं सगळं पुसून द्यावं लागंल. फोटोबिटो असतील तर काढून घ्या."

"फोटो नाहीत. रविवारी येतो."

जुलैत त्यानं सगळं व्यवस्थित केलं होतं. त्याचे पप्पा बाबासो पाणी उपसा केंद्रावर पंप ऑपरेटर होते. कामावरच छातीत कळ आली. दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, पेन्शनचे अर्ज, सगळं प्रसेनजीतनं एका फाइलमध्ये क्रमानं लावलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे पप्पांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी भन्ते त्रिशरण-पंचशील देत होते, सगळे हात जोडून मागं म्हणत होते, तेव्हा तो उभा राहून खुर्च्या मोजत होता. एकशेवीस मागवल्या होत्या, अकरा कमी पडत होत्या. त्यानं बाहेर जाऊन मंडपवाल्याला फोन केला. पाहुणे आईला म्हणाले, पोरगं खंबीर आहे. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

काम शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत. एम.एस्सी. भौतिकशास्त्र झाल्यावर तिथंच लागला होता. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा पळीभर नमुना येतो, तो नाण्यासारखा थिजवायचा, घासायचा, यंत्राखाली ठेवून त्यावर ठिणगी पाडायची. ठिणगीच्या उजेडावरून कार्बन किती, सिलिकॉन किती ते यंत्र सांगतं.

गुरुवारी सकाळी सिलिकॉन भलताच जास्त दाखवायला लागलं. भट्टीवरचे हंबीरराव तावातावानं वर आले. "तुमचं मशीन येडं झालंय! माल आम्ही मोजूनमापून घातलाय. बोलवा त्या कंपनीच्या माणसाला."

प्रसेनजीतनं फोन हातात घेतलासुद्धा. त्याचे वरिष्ठ अमरसिंह सर टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "आधी स्टँडर्ड लाव."

स्टँडर्ड म्हणजे कपाटातला एक तुकडा. त्यात काय किती आहे हे आधीच पक्कं ठाऊक असतं. यंत्रावर शंका आली की पहिल्यांदा तो लावायचा. त्याचे आकडे बरोबर आले तर यंत्र बरोबर, मग चूक दुसरीकडं शोधायची. हे प्रयोगशाळेत लागणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात. प्रसेनजीतनं तुकडा लावला. आकडे बरोबर आले.

"काय म्हणतंय मशीन?" सरांनी विचारलं.

"ठीक आहे, सर."

"मग हंबीरराव, खाली जाऊन बघा, सिलिकॉनची पिशवी दोनदा कुणी वतली ते."

हंबीरराव पुटपुटत खाली गेले. अर्ध्या तासानं एकानं कबुलीही दिली. प्रसेनजीत मात्र तो तुकडा हातात धरून बसला होता. दीड महिना तो टॅबलेट मंद झालाय असं म्हणत होता आणि टॅबलेटला त्यानं एकदाही स्टँडर्ड लावला नव्हता.

शनिवारी दुपारी त्यानं ते केलं. टॅबलेट आडवा ठेवला आणि श्रुतीच्या हातात मोबाइल दिला. "हलवू नको. स्लो मोशनला लाव, एका सेकंदात दोनशेचाळीस चित्रं."

"दादा, तू पडद्याला बोट लावणार आणि मी त्याचा पिच्चर काढणार?"

"हो."

"कुणाला सांगू नको हां हे."

बोट टेकल्यापासून पडदा बदलेपर्यंत किती चित्रं जातात ते त्यानं एकेक करून मोजलं. सतरा. परत केलं, अठरा. परत, सतरा. टॅबलेट नवा असताना त्यानं हेच मोजलं होतं, कारण नवी वस्तू आली की तिचं काहीतरी मोजल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. तो आकडा टॅबलेटमधल्याच नोंदवहीत लिहिलेला होता. त्यानं ती उघडली. सतरा.

सॉफ्टवेअरनं काहीही बिघडवलं नव्हतं.

त्याच पानावर खाली आणखी तीन ओळी होत्या. तो त्या विसरून गेला होता. पडदा हिरवा झाला की बोट दाबायचं, किती मिलिसेकंद लागले ते दिसतं, असा एक बारका खेळ त्यानं तेव्हा घातला होता आणि घरात सगळ्यांना खेळायला लावला होता.

प्रसेनजीत २४३
श्रुती २५१
पप्पा ३१८ (पहिला धरू नगंस म्हणाले)

आईचा आकडा नव्हता, कारण पडदा हिरवा व्हायची वाट बघणं तिला मंजूर नव्हतं. "होणारच हाय की हिरवा, मग दाबला तर काय बिघडलं?" असं म्हणून ती आधीच दाबायची. पप्पांनी मात्र चार वेळा करून बघितलं. कितीही केलं तरी तीनशे अठराच्या खाली येईनात, तेव्हा टॅबलेट बाजूला सारून म्हणाले होते, "ह्याच्यात आवाजच न्हाय. पंपाचा आवाज बदलला की माझा हात बटणावर आधी जातो, लाल दिवा मागनं लागतो. आवाज न्हाय तर माणसानं कळायचं कसं?"

प्रसेनजीतनं तो बारका खेळ उघडला. पडदा हिरवा झाला, त्यानं दाबलं. असं दहा वेळा केलं आणि सरासरी काढली. तीनशे एक्याण्णव.

त्यानं नोंदवही परत उघडली आणि हा आकडा आपल्या दोनशे त्रेचाळीसशी ताडून बघितला. एका आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि त्यानं त्यातली एकच धरली होती. बारावीतल्या पोरानं प्रयोगात अशी चूक केली असती तर मास्तरांनी वहीवर लाल रेघ मारली असती.

"किती आलं?" श्रुतीनं वाकून बघितलं. मग नोंदवहीतल्या त्या तीन ओळी तिला दिसल्या. तिनं मोबाइल खाली ठेवला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. प्रसेनजीत ऐकत राहिला. आपण उठून जावं, हे त्याला कळत होतं. उठायला त्याला जरा वेळ लागला, पण तो दार ढकलून आत गेला, आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला. त्याला स्वतःला काही झालं नाही.

रविवारी दुकानाबाहेर ऋतुराज गाडी लावून उभाच होता. "चल, नव्याचा नारळ फोडू. चहा तुझ्याकडं."

काउंटरवरच्या माणसानं जुना टॅबलेट घेऊन सेटिंगचं पान उघडलं. "काय पावणं, पुसायचं न्हवं सगळं?"

"थांबा," प्रसेनजीत म्हणाला. मग ऋतुराजकडं वळला. "टॅब ठीक हाय. मी मोजलंय."

"मोजलंस? कसं?"

प्रसेनजीतनं सतरा चित्रं सांगितली, दोनशे त्रेचाळीस सांगितलं, तीनशे एक्याण्णव सांगितलं. माणूस दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता. "म्हंजे उशीर मलाच व्हतोय. नवा घेतला तरी मी तेवढ्याच उशिरा दाबणार. यशराजला घ्या."

ऋतुराजनं हेल्मेटचा पट्टा उगाच उघडला, लावला. "आम्हास्नी ठावं हाय," तो म्हणाला.

"काय?"

"उशीर तुला व्हतोय ते. तुझ्या पप्पांच्या कार्यक्रमाला आलतो न्हवं आम्ही तिघंबी. तू आमच्याशी बोललास ते काय बोललास सांगू? 'अकरा कमी हायत.' एवढंच."

"मग टॅब बदल म्हणून दीड महिना डोकं का खाल्लंस?"

"मग काय म्हणायचं रं भाड्या? डोकं बदल म्हणू?" ऋतुराजचा आवाज दुकानभर झाला. दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. तो जरा खाली आला. "नवा आला तर खुलशील असं वाटलं. तेजाला बी तसंच वाटलं. ती यशराजचं बोलली ते तुला जरा टोचावं म्हणून. त्या यशराजला खेळता येतंय व्हय? दार कुठलं अन् खिडकी कुठली तेबी कळत न्हाय त्याला."

प्रसेनजीतला हसू यायला हवं होतं. कुठं यायला हवं तेही त्याला कळलं.

"मी पैला शिरत न्हाय इथनं पुढं," तो म्हणाला. "माझ्यामुळं चौघंबी मरतायत."

"नगं शिरू. आर्यन शिरंल. कवाधरनं मागतोय तो. तू सगळ्यात मागं थांब, पाठीकडनं कोण येतंय बघ. तिथं पाव सेकंद उशीर चालतोय." मग तो काउंटरकडं वळला. "ओ, पुसू नगासा काय. ह्याला काच लावा नवी. तेवढाच तुमचा धंदा."

माणूस हिरमुसला, पण काच लावून दिली.

त्या संध्याकाळी आर्यन पहिला शिरला आणि पहिल्याच दारात मेला. "एसटी माझीबी चुकली," तो म्हणाला. ऋतुराजनं त्याला आईवरून शिवी दिली आणि तेजस्वीनं दोघांना. प्रसेनजीत मागं, जिन्याखाली थांबला होता. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक करडी भिंत आणि एक फुटकं पिंप. हेडफोनमध्ये वाऱ्याचा एकसुरी आवाज होता. तो ऐकत राहिला. मग त्या आवाजात काहीतरी बदललं. काय, ते त्याला सांगता आलं नसतं. अंगठा त्याच्याआधी वळला होता.

"मागं दोघं हायत, डावीकडनं," तो म्हणाला.

"दिसतायत?" तेजस्वीनं विचारलं.

"न्हाय अजून."

एकाला त्यानं टिपलं, दुसऱ्यानं त्याला. तो डाव ते हरले. पुढचाही हरले.

सराव संपल्यावर त्यानं नोंदवही उघडली, चौथी ओळ घातली, तारीख टाकून ३९१ लिहिलं. पप्पांच्या ओळीखालीच जागा होती.

"ते ठेव आता, आमटी गार व्हतीया," आईनं आतून हाक मारली. "श्रुती, ताटं घे गं."

"आलो," तो म्हणाला. त्यानं टॅबलेट बंद केला. नव्या काचेत त्याचं तोंड दिसत होतं. तो उठला आणि ताटं मांडायला श्रुतीच्या हाताखाली गेला. तिनं सवयीनं चवथा, पप्पांचा पाटही काढला होता. त्यानं तो तिच्या हातातून घेतला. परत भिंतीशी लावायला हवा होता, पण पाट छातीशी धरून तो तिथंच खाली बसला, आणि त्याला रडू फुटलं.