पपांची दांडी

धाकटा दीर व्हर्लन माझ्या वडिलांची बंदूक बदकांच्या शिकारीसाठी घेऊन गेला होता. ती त्यानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून आदळली.

"वहिनी, पुसून आणलीय हं!"

वरून चकचकीत होती. रिकामी असल्याची खात्री करून मी नळीतून फडकं ओढलं, तर भातखाचरातला काळा चिखल बाहेर आला. मग खालची काडतुसांची नळी उघडली. आत पपांनी पिकानच्या झाडाची फांदी तासून केलेली दांडी नव्हती. ती आत असली की बंदुकीत तीनच काडतुसं मावतात, आणि बदकं मारायला कायद्यानंही तीनच चालतात.

"दांडी कुठाय?"

"फेकली. तीन बारांत काय होतंय? बदकं काय रांग लावून उभी राहतात?"

"माझ्या बापाच्या हातची होती ती, मेल्या!"

"लाकूडच ना ते! शनिवारी परत न्यायला येतो. जरा नीट तेलबिल घालून ठेव."

दात-ओठ खात मी सगळी बंदूक खोलली, पुसली, तेल दिलं. मग झाडूचा दांडा कापून नवी दांडी केली, जुनीपेक्षा चांगली लांब. आता खालच्या नळीत एकही काडतूस शिरत नाही. वरच्या, बाराच्या नळीत मागून एक बसतं, तेवढंच.

शनिवारी मी हसून बंदूक त्याच्या हातात दिली. त्यानं उघडूनही पाहिली नाही.

जा म्हणावं, मार एक बार. पहिल्या बारात व्हर्लननं आजवर बदकाचं पीससुद्धा पाडलेलं नाही.