फिटलेल्या कर्जाचा हप्ता

फोनवर बोलताना माणसानं उभं राहायचं काय कारण? कडकमावशीचा मुलगा उभा राहायचा. वसुलीवाल्यांचा फोन आला की हातातली चादर अर्धवट घडी करून टाकून द्यायचा, स्टुलावरून उठायचा आणि भिंतीकडं तोंड करून "हो मॅडम, बरोबर मॅडम, बघतो मॅडम" असं पुटपुटायचा. मॅडम जणू भिंतीतूनच बघत होत्या. चांगला दोन लेकरांचा बाप, डोक्यावरचे केस निम्मे उडालेले, आणि आवाज मात्र गृहपाठ न केलेल्या पोराचा. मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"काय बरोबर मॅडम?" ती इस्त्रीच्या टेबलामागून ओरडायची. "आम्ही काही देणं लागत नाही, एवढं एक वाक्य तुझ्या घशातून निघत नाही?"

"आई, हळू. तिकडं ऐकू जातं."

"जाऊ दे की! ऐकू जावं म्हणूनच बोलतेय."

लाँड्री मावशीची. नवरा गेल्यावर एका टेबलावर सुरू केलेली. आता मागं धुण्याची खोली, पुढं इस्त्री आणि मधे कपडे वाळवायचं भलंमोठं मशीन. गिऱ्हाइकं पाठीमागं तिला कडकमावशी म्हणायची. ते शर्टांच्या कॉलरमुळं की तिच्या जिभेमुळं, हे विचारायची छाती अजून कुणाला झाली नव्हती. शाळा तिनं लांबूनच पाहिलेली. सही करायला बसली की एकेका अक्षरापाशी थांबायची, पण घाई करायला सांगणाऱ्याची धडगत नसायची.

कर्ज तिनं जन्मात एकदाच काढलं होतं, वाफेच्या इस्त्रीसाठी, एका फायनान्स कंपनीकडून. कंपनीचा माणूस महिन्याच्या महिन्याला दुकानात यायचा, रोख हप्ता घेऊन पावती द्यायचा. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मावशीनं त्याला चहा पाजला आणि त्याच्या डोळ्यांदेखत कर्जाचे सगळे कागद, पावत्यांसकट, पाणी तापवायच्या बॉयलरच्या जाळात घातले. ही त्या घरची रीत होती, सासऱ्यांपासून चालत आलेली. फिटलेल्या कर्जाचा कागद छपराखाली ठेवायचा नाही. ठेवला की घराला कर्जाची सवय लागते.

"मावशी, असं कुणी करत नाही हो," तो माणूस म्हणाला होता.

"म्हणूनच तुमचा धंदा चालतो," मावशी म्हणाली होती.

पुढं ती कंपनी बुडाली. बुडता बुडता आपली थकलेली खाती तिनं एका वसुली एजन्सीला विकून टाकली, आणि त्या गठ्ठ्यात मावशीचंही खातं गेलं. शेवटचे हप्ते त्या माणसानं वाटेतच खाल्ले, की कंपनीनं चढवलेच नाहीत, कोण सांगणार? माणूस कुठं गेला याचा पत्ता नव्हता. एजन्सीचा पहिला फोन मावशीनं घेतला. तिनं समोरच्याचं असं काही स्वागत केलं की पुढचे सगळे फोन मुलाच्या नंबरवर यायला लागले.

तोवर ही नुसती कटकट होती. गळ्याशी आलं ते वाळवायच्या मशीनचा ड्रम तडकला तेव्हा. इस्पितळाच्या चादरींवर दुकान चालायचं. बाकीचे शर्ट-पँट म्हणजे चहापाण्याची सोय. आता त्या चादरी जिन्यात, गच्चीत, शेजारच्या रिकाम्या गाळ्यात, जिथं दोरी बांधता येईल तिथं वाळत घालायच्या. सून रोज कमरेवर ओल्या चादरींची पाटी घेऊन जिने चढायची. तरी दमट चादरी गेल्याच. इस्पितळाच्या कोठीवाल्यानं निरोप धाडला: महिनाअखेरपर्यंत मशीन सुरू करा, नाहीतर आम्ही दुसरीकडं देतो.

जुनं मशीन दुरुस्त होण्यातलं नव्हतं. नवं घ्यायचं तर बँक. बँकेतल्या माणसानं मावशीचं नाव टाकलं, पडद्याकडं बघितलं आणि मान हलवली.

"तुमच्यावर जुनी थकबाकी दिसतेय. आधी ती मिटवून या."

"ती मिटलीय."

"इथं तसं दिसत नाही."

"तुमच्या काचेत दिसत नसेल. मी हातानं दिलेत पैसे."

तो बिचारा हसला. त्याच्या हातात काही नव्हतं. ज्यांनी नाव चढवलं त्यांनीच ते उतरवायला हवं, म्हणाला.

म्हणून मावशी मुलाला घेऊन एजन्सीत गेली. एका इमारतीचा वरचा मजला, जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, आणि काचेपलीकडं एक मुलगी. काचेला बोलण्यासाठी जे भोक होतं ते इतकं खाली, की अलीकडच्या माणसाला वाकावंच लागायचं. मावशी वाकली नाही. ताठ उभी राहून काचेच्या वरून बोलली.

"बोला आजी."

"आजी म्हणू नकोस. नातं जोडलंस तर पुढं तुलाच जड जाईल. माझं कर्ज फिटलंय, तुमच्याकडं फिटलं नाही असं लावलंय. ते काढ."

मुलीनं खात्याचं पहिलं पान उघडलं, नाव आणि बाकी तेवढी बघितली. "पावती आहे?"

"नाही. जाळली."

"जाळली?"

"फिटलेल्या कर्जाचा कागद आमच्यात ठेवत नाहीत."

शेजारच्या खिडकीतला पोरगा खुदकन हसला. मावशीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला लगेच खोकला आला.

"मग तक्रार नोंदवा," मुलगी म्हणाली. "हे कर्ज पूर्ण फेडलंय, मला मान्य नाही, असं लिहून सही करा. जुन्या कंपनीच्या नोंदी मागवू. त्यांनी काही दाखवलं नाही तर नाव निघू शकतं."

मावशीला हे पहिल्यांदाच काहीतरी माणसासारखं बोलणं वाटलं. बुडालेली कंपनी काय दाखवणार डोंबल! तिनं मुलाला पेन दिलं. "लिही."

मुलगा पेन धरून बसला.

"आई, राहू दे ना. थोडंफार देऊन टाकू आणि विषय संपवू."

"न लागणारं देणं देऊ? उद्या कुणी म्हणालं हे दुकान आमचं, तर किल्ल्या देशील?"

"तसं नाही गं..."

"लिही म्हणते ना."

त्यानं लिहिलं. मावशीनं सावकाश, एकेका अक्षरापाशी थांबत, सही केली. परतताना तो चार पावलं मागंच चालत राहिला. हा भेदरटच, असं मनाशी म्हणून तिनं ते सोडून दिलं. तिला त्या दिवशी बरं वाटत होतं. घरी आल्याबरोबर तिनं इस्पितळाच्या कोठीवाल्याला फोन लावायला लावून सांगितलं, "मशीन येतंय."

उत्तर न्यायला बोलावलं त्या दिवशी मुलाच्या पोटात दुखायला लागलं. मावशी सुनेला घेऊन गेली. काचेपलीकडं तीच मुलगी. तिनं कागद भोकातून सरकवला. सुनेनं वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

"काय गं? अक्षर लागत नाही?"

"लागतंय, आई."

"मग थांबलीस कशाला?"

सुनेनं खाली बघत सांगितलं, "यात लिहिलंय, तक्रार नामंजूर. या खात्यावर गेल्या काही महिन्यांत पैसे भरले गेलेत. दर महिन्याला थोडे थोडे. म्हणजे कर्ज तुम्हाला मान्य आहे, असं त्यांनी धरलंय."

"कुणी भरले?"

उत्तर काचेपलीकडच्या मुलीनं दिलं. पैसे ज्या फोनवरून आले त्याचा नंबर तिनं वाचून दाखवला. मुलाचा. दुकानाच्या पाटीवर लिहिलेला तोच नंबर.

मावशीनं सुनेच्या हातातला कागद ओढून घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"तुम्हीच सांगा," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. "जे कर्ज नाहीच, त्याचे हप्ते कुणी भरतं का?"

"नाव... नाव कधी निघेल मग?"

हे विचारताना मावशी वाकली होती. सुनेनं ते पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

"सगळं भरल्यावर. व्याजासकट. आणि मधे हप्ते भरल्यामुळं खातं आता पुन्हा चालू धरतात. मी काही करू शकत नाही, खरंच."

महिनाअखेरीला इस्पितळाची गाडी आली. एरवी ड्रायव्हर मळक्या चादरींची गाठोडी टाकून धुतलेल्या न्यायचा. आज त्यानं काही टाकलं नाही. धुतलेल्या घेतल्या, जिन्यातल्या ओल्या उतरवल्या, धुवायच्या राहिलेल्याही उचलल्या. "मला नका काही बोलू मावशी, मी गाडी चालवतो फक्त," तो आधीच म्हणाला. शेवटचं गाठोडं मावशीनंच त्याच्या हातात दिलं. गाडी गेल्यावर दुकानात दोऱ्याच दोऱ्या उरल्या.

मुलगा त्या दोऱ्या सोडवायला लागला. गाठ सुटेना तशी दातांनी ओढायला लागला.

"कधीपासून देत होतास?" मावशीनं विचारलं.

त्यानं दोरी सोडली नाही. "आधी एकदाच दिले. पोरीच्या शाळेत फोन करू म्हणाले. सुनावायला तू होतीस, ऐकून घ्यायला मी होतो, आई. दिवसातून दहादा. थोडे दिले की महिनाभर गप्प बसायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"घेतलं असतं."

"आणि कागद तू जाळलेस." हे तो इतकं हळू म्हणाला, की त्याला वाटलं असेल तिनं ऐकलं नाही. "एक पावती ठेवली असतीस तर..."

सून धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मध्ये पडावं की नाही, असा तिचा चेहरा. मावशीनं तिला हातानंच थांबवलं. मग स्टूल ओढून मुलाच्या समोर बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि अशा आवाजाची मुलाला सवय नव्हती. त्यानं दोरी खाली ठेवली.

"कागद जाळले. पुन्हा कर्ज फिटलं तर पुन्हा जाळीन. कागद नव्हता, तरी माझा शब्द होता, आणि मी खोटी आहे असं दाखवायला त्यांच्यापाशीही काही नव्हतं," ती म्हणाली. "ते तू नेऊन दिलंस. महिन्याच्या महिन्याला, माझ्याच गल्ल्यातले पैसे मोजून, तू तुझ्या आईला खोटं ठरवत होतास."