उपाय पुढील अंकी

मी एक जुना अंक आहे. 'आमचा नेम' या नेमबाजीच्या मासिकाचा एकेचाळिसावा. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर वाचणाऱ्या माणसांशी माझं कधी पटलेलं नाही. थुंकी लावून पानं उलटतात आणि वर सांगतात, पुस्तकांवर आमचं फार प्रेम आहे.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका छापखान्यात झाला. शाई कमी आणि हौस जास्त, असं ते घर होतं. माझ्या जाडजूड मुखपृष्ठावर पिस्तूल धरलेला एक हात आहे. तो कुणाचा, हे संपादकांनाही माहीत नव्हतं. माझ्यानंतर मासिक बंद पडलं. म्हणजे आमच्या घराण्यात बेचाळिसावा अंक जन्मलाच नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे एक शहाणी मुलगी हेच न जाणता वाट बघत बसणार आहे.

उमेदीची नऊ वर्षं मी कबनूरला काढली, यंत्रमागाच्या एका कारखान्यात, सूत गुंडाळणाऱ्या कांडी मशीनच्या डगमगत्या पायाखाली. कारखानदार सोमलिंग आल्यागेल्याला सांगायचे, "ह्या पुस्तकाला तोड न्हाय. मशीन जरा हालंल तर शपथ!" एकही पान न वाचता माझी इतकी खरी स्तुती कुणीच केली नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग स्नेहल आली. उचगावची, वय बावीस, एअर पिस्तूलची नेमबाज. कुरुंदवाडपासून इचलकरंजीपर्यंत रद्दीची दुकानं उपसून तिने माझे चाळीस भाऊ गोळा केले होते. माझा पत्ता तिला कुणी दिला त्याचं तळपट होवो. तिने मशीन उचलायला लावलं.

सोमलिंग म्हणाले, "ओ ताई, बदल्यात तेवढ्याच जाडीचं कायतरी द्या की."

तिने घरून बारावीचं भौतिकशास्त्राचं गाईड आणून दिलं. ऐकतो की मशीन आता पूर्वीपेक्षा स्थिर आहे. हा अपमानही मी गिळला.

घरी नेऊन तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर 'अंक ४१' अशी चिठ्ठी चिकटवली. मग रोज दुपारी पिशवीतून काढायची आणि तेविसावं पान उघडायची. रोज तेच. वरणाचा हात कधीकधी धुतलेला असायचा.

त्याचं कारण असं. राज्य स्पर्धेत तिच्या एकोणसाठ गोळ्या सुरेख गेल्या होत्या. साठाव्या गोळीला हात थरथरला, गोळी दहाऐवजी सहाच्या वर्तुळात गेली आणि राज्याच्या संघातली जागा हुकली. पुढच्याच आठवड्यात ती मोपेडवरून पडली. डॉक्टरांनी खांद्याला तीन महिने विश्रांती सांगितली. तिनाचे सात झाले. खांदा कधीच बरा झाला होता. याच हाताने ती माळ्यावरून भरलेलं पिंप उतरवायची, मी पाहिलं आहे. पण रेंजवर पाऊल टाकत नव्हती.

कारण माझ्या तेविसाव्या पानावर लेख होता: 'शेवटच्या गोळीला हात का थरथरतो?' लेखक: एक अनुभवी नेमबाज. त्यात घशाची कोरड, कानशिलातली धडधड, घामेजलेली मूठ, सगळं तंतोतंत लिहिलं होतं. आणि शेवटी होतं: 'यावर एकच खात्रीचा उपाय आहे. तो पुढील अंकी.'

मला खरं सांगता येत नव्हतं. येत असतं तरी सांगितलं नसतं. जी मला सुखाच्या जागेवरून उपटते, तिची वाट चुको.

तिचे वडील, आण्णा, म्हशींचं दूध घालून येता येता रोज विचारायचे, "आज तरी जाणार काय रेंजवर?"

"बेचाळिसावा अंक मिळू दे. मिळाला की जातो."

"आन् न्हाय मिळाला तर?"

"मिळंल की!"

"म्हशीचं पुस्तक वाचून दूध निघतंय व्हय गं?"

"आण्णा, ह्यो अभ्यास हाय."

"अभ्यास? बारावीला कुठं गेलता ह्यो अभ्यास?"

एका शनिवारी तिचे प्रशिक्षक विश्वजित सर दारात आले. चप्पलही काढली नाही. "उद्या सकाळी आठला निवड चाचणी. आली न्हाईस, तर क्लबच्या संघातनं नाव काढतो आन् रेंजवरची तुझी लेन पूर्णिमाला देतो. परत मागू नको."

रेंजवरच्या प्रतिस्पर्धी पूर्णिमाचं नाव निघताच स्नेहलचा चेहरा तव्यासारखा झाला. तिने मला सरांच्या नाकासमोर धरलं. "सर, ह्याच्या पुढचा तेवढा एक अंक शोधून द्या. लगेच येतो."

सरांनी तेविसावं पान पाहिलं. आधी कान लाल झाले, मग मान.

"पुढचा अंक निघालाच न्हाय," ते म्हणाले.

"तुमास्नी काय म्हाईत?"

"मीच लिवलंय हे."

आण्णांनी हातातली किटली खाली ठेवली.

"अनुभवी नेमबाज तुम्ही?"

"एकोणीस वर्षांचा होतो."

"मग उपाय?"

"म्हाईत नव्हता. म्हटलं, महिनाभरात सुचंल. तवर मासिकच बंद पडलं. लई बरं वाटलं बघ मला."

"सात महिनं!" स्नेहल ओरडली. "सात महिनं तुमचं एक वाक्य घेऊन बसलोय मी! लाज वाटत न्हाय काय ओ?"

"वाटती की. बरं झालं चप्पल काढली न्हाय, पळता तरी यील."

"आता तरी सुचला काय?"

"न्हाय. माझा हात अजून थरथरतो. तसाच मारतो मी."

तिने त्यांच्याकडे जाळून टाकेल असं बघितलं. मग तिने पिस्तुलाची पेटी खाली ओढली. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे लावायची पट्टी त्यात नव्हती, मोपेडवरून पडली तेव्हा मोडली होती. तिने घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. कातरी आणली.

"अगं, शेवटची प्रत असंल ती!" सर कळवळले.

"असू दे. तुमचं नाव कुठं हाय त्यावर?"

कच्. कव्हरवरचा तो बेवारस हात मनगटापासून तुटला.

रविवारी मी डोळ्याची पट्टी होऊन रेंजवर गेलो. नेमबाजीचा अंक असून आयुष्यात पहिल्यांदा. आणि मला काय दिसलं? स्नेहलच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या. उजवीकडे सगळी चाचणी चालली होती आणि मी चार बोटांच्या अंतरावरून एक डोळा बघत उभा. साठाव्या गोळीला तिच्या कानशिलाची धडधड माझ्या कडेपर्यंत आली. तिने पिस्तूल खाली घेतलं. पुन्हा उचललं. थरथर तशीच होती. फट्ट आवाज झाला.

"आठ," कुणीतरी म्हणालं.

मागून आण्णांनी रेंज हादरवली. "आठ म्हंजे बरं का वाईट?"

"गप बसा ओ," सर म्हणाले. "जागा टिकली तिची."

स्नेहलचा हात मात्र अजून थरथरत होता, आणि ती त्याच्याकडे मोडक्या नळाकडे बघावं तशी बघत होती.

मित्रांनो, इथे 'आम्हाला जपा' म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. आम्हाला पिशवीत घालू नका, पुजू नका. आमच्यात जे छापलंच नाही, त्याची वाट बघत आमच्या उरावर बसू नका. फाडा, कापा, कामाला लावा. आणि हे वाचून झालं असेल, तर माझ्यावरचं बोट काढा. ओलं आहे.